पैसे देणारा वेगळा, क्लायंट वेगळा

कोचिंग, म्हणजे शिकवणी नव्हे, तर प्रश्न विचारत माणसाला त्याच्या उद्दिष्टाकडे जायला मदत करणं, हे काम सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका कंपनीने त्यांच्या एका मॅनेजरसाठी मला सहा सेशन्सचं काम दिलं. तिसऱ्या सेशननंतर एचआरच्या बाईंचा फोन आला. बिलाचं बोलणं झालं आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "काय म्हणतोय आमचा माणूस?" मी म्हणाले, "छान चाललंय. घरी जरा ओढाताण आहे सध्या, म्हणून थोडा वेळ लागेल." एवढंच. तेही काळजीपोटी.

चौथ्या सेशनला तो आला, बसला आणि म्हणाला, "घरचं तुम्ही सांगितलंत का?" "आधी घरचं बघ" असं म्हणून बॉसने त्याला एका मोठ्या प्रोजेक्टमधून बाजूला केलं होतं. मी माफी मागितली. उरलेली सेशन्स त्याने इमानेइतबारे पूर्ण केली, पण बोलला ते फक्त कामाच्या वेळापत्रकावर. मनातलं पुन्हा काही टेबलावर आलं नाही.

गंमत म्हणजे आयसीएफची, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोच लोकांच्या जागतिक संघटनेची आचारसंहिता मला तेव्हा जवळपास पाठ होती. पैसे देणारा तो प्रायोजक आणि ज्याचं कोचिंग होतं तो क्लायंट, हा फरक त्यात स्पष्ट केलेला आहे. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर उत्तर दिलं असतं. फोनवर मात्र बिल देणाऱ्याला खूश ठेवायची सवय आड आली.

आता कंपनीचं काम असेल तर पहिल्या सेशनआधी आम्ही तिघं एकत्र बसतो: मी, क्लायंट आणि कंपनीचा माणूस. कंपनीला काय कळणार ते तिथेच ठरवतो आणि करारात लिहितो. माझ्याकडून फक्त किती सेशन्स झाली आणि कधी झाली एवढंच जातं. प्रगती सांगायची असेल तर क्लायंट स्वतः सांगतो, हवं तर मी शेजारी बसते. "मग आमच्या पैशाचं काय झालं ते आम्हाला कळणार कसं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून कोचिंगचं उद्दिष्ट तिघांनी मिळून ठरवायचं आणि शेवटी तिघांनीच त्याचा आढावा घ्यायचा. हे मान्य नसेल तर काम सोडते. आजवर एकदाच सोडावं लागलं.

नवे कोच हटकून आणखी एक चूक करतात. "इथलं एक अक्षर बाहेर जाणार नाही" असं छातीठोक सांगून टाकतात. हे वचन पाळता येत नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल, बेकायदा काही चाललं असेल किंवा कोर्टाचा आदेश आला, तर गुप्ततेला मर्यादा येते. या मर्यादा पहिल्याच भेटीत, फीबद्दल बोलतो तितक्या साध्या आवाजात सांगाव्यात.

तासांच्या नोंदीचंही तसंच. आयसीएफच्या एसीसी या पहिल्या पातळीच्या क्रेडेन्शियलला, म्हणजे प्रमाणपत्राला, कोचिंगचे 100 तास लागतात, त्यापुढच्या पीसीसीला 500. त्या नोंदवहीत क्लायंटचं नाव आणि संपर्क येतो, म्हणजे त्यासाठी त्याची परवानगी हवी. मी सुरुवातीला न विचारताच नावं भरत होते! नंतर एकेकाला विचारत बसले. एकीने नको म्हटलं, तिचे आठ तास सोडून दिले. ऑनलाइन सेशनचं रेकॉर्डिंग किंवा नोट्स घेणारं ॲप वापरणार असाल, तर तेही आधी विचारा.

थेरपीची हद्द ओळखणं कागदावर सोपं वाटतं. क्लायंट सांगतो, दोन महिने झोप नाही, कशातच मन लागत नाही, आणि आपण मात्र "मग पुढचं पाऊल कोणतं?" विचारत राहतो. अशा वेळी निदान करायचं नाही. "मला जे ऐकू येतंय त्यासाठी माझ्यापेक्षा योग्य माणूस आहे" एवढं म्हणायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवायचं. हे करताना फी बुडते, हे मनात येतंच. येऊ द्या.

बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला कायद्याने परवाना लागत नाही. त्यामुळे प्रशिक्षण कुठे झालं हे विचारण्याचा क्लायंटला पूर्ण हक्क आहे आणि आपण ते न विचारता सांगावं. आयसीएफकडे तक्रार करता येते, पण कोच त्यांचा सदस्य किंवा क्रेडेन्शियलधारक असेल तरच. मी तक्रारीची वाट करारातच लिहिते. एका क्लायंटने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "तुमची तक्रार कुठे करायची, हे तुम्हीच लिहून देताय?" मी हो म्हटलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचली आणि मग सही केली.

राहिला मध्येच थांबण्याचा हक्क. बारा सेशन्सचे पैसे आगाऊ घेतले आणि क्लायंट चौथ्यानंतर थांबला, तर किती परत द्यायचे आणि किती दिवसांत, याचा आकडा करारात हवा. माझ्या पहिल्या करारात तो नव्हता. हिशोबासाठी आमच्या ईमेल तीन आठवडे चालल्या होत्या.