जुन्या रॅमसोबत नवी रॅम: डेस्कटॉपची मेमरी वाढवताना

रॅम, म्हणजे चालू प्रोग्रामची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी, विकत घेण्याआधी संगणकाला ती खरोखर कमी पडते आहे का, हे तपासावे. नेहमीचे सगळे प्रोग्राम एकाच वेळी उघडून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ विभाग पाहावा. तेथे मेमरीचा वापर सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल आणि एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर जाताना संगणक अडखळत असेल, तर रॅम वाढवल्याचा फरक लगेच जाणवेल. वापर निम्म्याच्या पुढे जात नसेल, तर संथपणाचे मूळ बहुधा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते आणि तेच पैसे एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर, खर्च केलेले बरे. त्याच विभागात रॅमचा चालू वेग आणि रॅमच्या पट्ट्या बसवायच्या एकूण किती स्लॉटपैकी किती भरलेले आहेत, हेही दिसते. ते टिपून ठेवावे.

त्यानंतर रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५) पाहावी, कारण या बाबतीत तडजोडीला वावच नाही. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या, तरी पहिली १.२ आणि दुसरी १.१ व्होल्टची असते, शिवाय खालच्या कडेवरील खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. केवळ प्रोसेसर पाहून पिढी ठरवणे मात्र धोक्याचे आहे. इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही हाताळू शकतात; आपल्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावर, कोणते स्लॉट आहेत, यावर निवड अवलंबून असते. एएमडीच्या बाजूला एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे डीडीआर५, असा सरळ हिशेब आहे. सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्या घरगुती मदरबोर्डवर चालत नाहीत. डीडीआर४ च्या बाबतीत तर त्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात आणि संगणक तरीही सुरू होत नाही, त्यामुळे फसगत अधिक होते.

पिढी जुळली, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या, क्षमतेच्या आणि वेगाच्या पट्ट्या एकत्र चालू शकतात. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीला झेपणारे वेग व टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) नोंदवलेले असतात. संगणक सुरू होताना मदरबोर्ड या नोंदी वाचतो आणि सर्व पट्ट्यांना झेपेल असा एकच वेग निवडतो. म्हणून २६६६ च्या जुन्या पट्टीशेजारी ३२०० ची नवी पट्टी लावली, तर दोन्ही २६६६ वर चालतील. यात नुकसान काही होत नाही, फक्त नव्या पट्टीच्या जादा वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

हे आकडे वेष्टनावर मेगाहर्ट्झ म्हणून छापलेले असले, तरी ते प्रत्यक्षात दर सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते हे सांगतात. रॅमला चाल देणाऱ्या घड्याळाचा (क्लॉकचा) खरा वेग त्याच्या निम्मा असतो. त्यामुळे ३२०० ची रॅम काही प्रोग्राम १६०० दाखवतात, आणि तो दोष नव्हे. ‘सीएल’, म्हणजे मागितलेली माहिती मिळू लागेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके, हा आकडाही एकट्याने पाहू नये. ३२०० ला सीएल १६, ३६०० ला सीएल १८ आणि ६००० ला सीएल ३० या तिन्हींत प्रत्यक्ष विलंब सारखाच, म्हणजे १० नॅनोसेकंद येतो.

मिश्रणात खरी कटकट होते ती एक्सएमपी किंवा एक्सपो या प्रोफाइलमुळे, म्हणजे पट्टीत आधीच नोंदवलेल्या जादा वेगाच्या तयार मांडणीमुळे. वेष्टनावरचा ३६०० किंवा ६००० हा वेग बहुतेक वेळा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते प्रोफाइल सुरू करावे लागते. पट्ट्या निरनिराळ्या असतील, तर बोर्ड त्यांपैकी एकीचे प्रोफाइल सर्वांवर लादतो आणि डीडीआर४ मध्ये व्होल्टेजही सर्व स्लॉटना एकच जाते, म्हणजे १.२ व्होल्टच्या साध्या पट्टीला शेजारणीमुळे १.३५ व्होल्ट सोसावे लागतात. अशा वेळी प्रोफाइल बंद ठेवून मूळ वेगावर समाधान मानणे मला योग्य वाटते. हाताने टायमिंग जुळवण्याची हौस असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच नावाची आणि त्याच क्रमांकाची पट्टी पुन्हा घेतली, तरी जुळणीची खात्री मिळत नाही, कारण उत्पादक त्याच क्रमांकाखाली आतल्या चिप बदलतात. एकाच खोक्यात जोडीने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात, आणि जोडीचा खरा फायदा तोच आहे.

डेस्कटॉपमध्ये साधारणपणे मेमरीचे दोन चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यात माहिती नेणारे स्वतंत्र मार्ग, असतात. ३२०० च्या डीडीआर४ मध्ये एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी माहिती नेतो, तर दोन मिळून ५१.२. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात चित्रदर्शनही याच रॅमवर चालते, म्हणून तेथे दुसरा चॅनल रिकामा ठेवणे विशेष महागात पडते. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोनच पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. तरी बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. क्षमता असमान असली, तरी सगळेच बिघडत नाही: ८ आणि १६ जीबी एकत्र लावल्यास साधारणपणे दोन्हींतील ८-८ जीबी दोन चॅनलवर चालते आणि उरलेली ८ जीबी एकाच चॅनलवर.

डीडीआर४ मध्ये दोनाच्या चार पट्ट्या करणे सहसा निभावते. डीडीआर५ चे तसे नाही. वेग जितका जास्त, तितका एका चॅनलवरील दुसऱ्या पट्टीचा भार प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला जड जातो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना ५२०० हा अधिकृत वेग आहे, आणि चार लावल्या की तो ३६०० वर उतरतो. म्हणून डीडीआर५ च्या संगणकात १६ जीबीच्या दोन पट्ट्या असतील आणि ६४ जीबी हवी असेल, तर आणखी दोन घेण्यापेक्षा जुन्या विकून ३२ जीबीची जोडी घ्यावी. २४ किंवा ४८ जीबीच्या पट्ट्या घेणार असाल, तर आधी बायोस अद्ययावत करावे, कारण जुनी आवृत्ती त्या ओळखेलच असे नाही.

बसवण्यापूर्वी संगणक बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे आणि अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. खाच जुळवून पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जोराने, खटका बसेपर्यंत दाबावी. डीडीआर५ असल्यास पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. त्या वेळात बोर्ड पट्ट्यांशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून वीज तोडू नये.

संगणक सुरू झाला म्हणजे मिश्रण जमले, असे मात्र समजू नये. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एकही चूक दिसली, तर एक्सएमपी बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही चूक राहिली, तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासावी. एखादी पट्टी एकटीनेही चुका देत असेल, तर ती सदोष आहे आणि वॉरंटीत बदलून मागावी. प्रत्येक पट्टी एकटी निर्दोष असेल, तर सर्व पुन्हा लावून वेग एक पायरी कमी करावा. त्यानेही भागले नाही, तर त्या पट्ट्यांचे एकमेकींशी जमत नाही, आणि नवी परत करण्याची मुदत टळण्याआधी हा निर्णय घ्यावा.