थायरॉइडमुळे केस गळतायत? आधी गोळीची वेळ बघा

मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साचायला लागला तेव्हा मी ऐरोलीच्या पाण्याला नावं ठेवली. इथे सगळेच ठेवतात. मग भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली, ऐन एप्रिलात ऑफिसच्या एसीत मी शाल पांघरून बसायला लागले, तेव्हा कुठे रक्त तपासलं. टीएसएच १४. हे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड मंदावलं की ते वाढतं. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान हवं.

तुमचेही केस सगळ्या डोक्यावरून सारखेच विरळ होत असतील, सोबत थकवा, बद्धकोष्ठता, पाळीची गडबड असेल, तर टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) करून घ्या. त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा), कारण लोह कमी असलं तरी केस जातात. गोल चट्टे पडत असतील तर मात्र सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाची, गोळी सुरू झाली, तरी माझे केस काही थांबेनात. चूक माझीच. ठाण्याची लोकल गाठायच्या घाईत मी थायरॉक्सिन चहाच्या घोटाबरोबर गिळायचे, वर लगेच कॅल्शियम. अशाने गोळी नीट अंगी लागतच नाही. आता बाटली उशाशी, तांब्याशेजारी असते. डोळे उघडले की पाण्याबरोबर गोळी, मग आंघोळ, डबा, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. तासाने घेतला तर उत्तमच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना चार तासांचं अंतर हवं, म्हणून कॅल्शियम आता दुपारच्या डब्यासोबत.

आणखी एक. 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बरेचदा बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. त्याने रक्ततपासणीत टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. तपासणीआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. केसांचा हिशेब त्याहून उशिरा लागतो: आज फणीत आलेला केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच सुटायला लागलेला असतो. म्हणून रिपोर्ट सुधारला तरी गळती काही काळ चालू राहते. घाबरून स्वतःच डोस वाढवू नका; थायरॉइड जास्त झालं तरी केस जातात, वर छातीत धडधड.

सासूबाईंचं जास्वंदीचं तेल मी रविवारी लावते. गळती त्याने थांबत नाही, पण डोकं चोळून घ्यायला कोणाला नको असतं! घट्ट अंबाडा मात्र सोडला.

केस मोजत बसू नका, वेडं व्हायला होतं. मी वेणीच्या रबराचे वेढे मोजते. पूर्वी तीन बसायचे, मग पाच झाले, आता चार. आणि दिघ्याच्या आसपास लोकलच्या दाराशी वारा लागला की कपाळावरचे बोटभर नवे केस ताठ उभे राहतात, कितीही पाणी लावलं तरी बसत नाहीत.