नवसागर घाला, गारवा मोजा

तांबट आळीत पातेल्यांना कल्हई करून घेत होतो. तापल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठतो. त्या धुरापासून तोंड चुकवताना सुचलं, की बारावीतल्या भाचीला द्रावणाच्या एन्थॅल्पीचं, म्हणजे पदार्थ विरघळताना मोलमागे किती उष्णता घेतली किंवा सोडली जाते त्याचं, गणित हीच पूड घेऊन दाखवावं. येताना बोहरी आळीतून थोडा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घेतला.

टपरीवरचे दोन कागदी कप एकात एक घाला. हा झाला कॅलरीमापी. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली मोजतच नाही, प्रयोगशाळेतला हवा. माठातलं पाणी नको. तासभर टेबलावर ठेवलेलं १०० ग्रॅम पाणी घ्या. आमचं २७ अंशांवर होतं. त्यात बारीक कुटलेला १० ग्रॅम नवसागर टाकून झाकण ठेवा आणि हलवत राहा. पारा उतरतो आणि मग हळूहळू वर सरकतो. मधला सर्वांत खालचा आकडा टिपायचा. आमचा २१.५ आला.

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक. विशिष्ट उष्माधारकता म्हणजे एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारे ज्यूल, पाण्यासाठी ४.१८. भाचीने वस्तुमान १०० घेतलं. दर वर्षी निम्मी मुलं इथेच घसरतात. गार झालं ते सगळं द्रावण, म्हणून ११०. ११० × ४.१८ × ५.५ = सुमारे २५२९ ज्यूल. मोल, म्हणजे कणांची ठरावीक संख्या, किती? नवसागराचा एक मोल ५३.५ ग्रॅमचा, म्हणून १० भागिले ५३.५, म्हणजे ०.१८७. भागाकार केला की मोलमागे १३.५ किलोज्यूल. पुस्तकात १४.८ च्या आसपास असतं. कपाने आणि खोलीतल्या हवेने मधल्या वेळात पाण्याला ऊब दिली, शिवाय बाजारातला नवसागर काही शुद्ध नसतो.

चिन्हावरून मात्र वाद झाला. "पाणी गार झालं, मग उणे!" अगं, पाण्याने गमावलेली उष्णता स्फटिकाने घेतली. स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी पाण्याचे रेणू त्यांना बिलगताना परत मिळत नाही. हिशेब नवसागराचा आहे, म्हणून अधिक. उष्माग्राही.

मग उलटं करून पाहिलं, एन्थॅल्पीवरून तापमान किती उतरेल ते काढलं. साध्या मिठाची एन्थॅल्पी मोलमागे ३.९ किलोज्यूल. १० ग्रॅम म्हणजे ०.१७१ मोल, ६६७ ज्यूल. त्याला ४६० ने (११० × ४.१८) भागलं की जेमतेम दीड अंश. करून बघितलं तर भाची म्हणाली २५.५, मला २६ दिसले. चष्मा कोणाचा बदलायचा, ते अजून ठरायचंय.