कोलंबसला नव्याने आलात? मग कोचवरचा राग समजून घ्या

ओहायो स्टेट विद्यापीठात आलं की लीज, बँक खातं, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) ही कामं यादीप्रमाणे उरकतात. कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) त्या यादीत नसतो, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर गावाचा मूड त्याच्यावरच ठरतो. ओहायो स्टेडियममध्ये १,०२,७८० प्रेक्षक बसतात. घरचा सामना असेल त्या शनिवारी लेन अव्हेन्यू आणि ऑलेंटँजी रिव्हर रोडवर गाडी घालू नका. कॅम्पसवर गाडी लावत असाल तर पार्किंगची सूचना शुक्रवारीच वाचा; परमिट असूनही काही लॉट रिकामे करावे लागतात, नाहीतर गाडी टो होते. सॉमिल रोडची किराणा फेरी सामना सुरू झाल्यावर करावी, तेव्हा रस्ते मोकळे असतात.

हंगामातले बाकीचे सामने एकीकडे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचा मिशिगन विद्यापीठाविरुद्धचा सामना एकीकडे. भारत-पाकिस्तान म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या ‘एम’वर लाल फुल्या मारतात. मिशिगनच्या रंगांचे, म्हणजे निळे-पिवळे, कपडे कपाटातच राहू द्या.

कोचचं माप इथे याच सामन्यावर काढतात. जॉन कूपर यांनी इथे १११ सामने जिंकले, पण मिशिगनविरुद्धचा हिशेब २ विजय, १० पराभव, १ बरोबरी असा. जानेवारी २००१मध्ये त्यांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या जिम ट्रेसेल यांनी पहिल्याच जाहीर भाषणात मिशिगनच्या सामन्याला ३१० दिवस उरल्याचं सांगितलं, आणि नोव्हेंबरात तो जिंकलाही. चाहत्यांचा राग कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

पुढे कोच झालेल्या रायन डे यांचं उदाहरण ताजं आहे. २०२१ ते २०२४ मिशिगनविरुद्ध सलग चार पराभव. चौथा, ३० नोव्हेंबर २०२४चा, घरच्या मैदानावर १३-१०. मिशिगनची बचावफळी मधोमध सर्वांत भक्कम, आणि ओहायो स्टेट चेंडू घेऊन तिथेच घुसत राहिली. रेडिओवर दिवसभर डे यांना काढण्याची मागणी. घराला संरक्षणही द्यावं लागलं होतं. पण क्रीडा संचालक रॉस ब्योर्क त्यांच्या पाठीशी उभे राहिले. संघाने बंद दाराआड एकमेकांना सुनावून घेतलं. बाहेर मात्र डे यांनी कुठल्याही खेळाडूवर बोट ठेवलं नाही. यात चांगुलपणा आहेच, पण व्यवहारही आहे: ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, दुखावलेला खेळाडू सरळ दुसऱ्या विद्यापीठात जातो.

तीन आठवड्यांनी राष्ट्रीय प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध त्यांनी डावपेच बदलले. सुरुवातीपासून पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथ आणि एमेका एगबुका यांच्याकडे चेंडू. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०, शेवटी ४२-१७. २० जानेवारी २०२५ला नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्याच महिन्यात सात वर्षांचा करार, वर्षाला साधारण सव्वा कोटी डॉलर. काढा म्हणणाऱ्यांपैकी कितीजण विजयोत्सवात होते ते विचारू नये.

‘एवढं बोंबलतात तर काढत का नाहीत?’ हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. करार मध्येच तोडला की उरलेले पैसे, म्हणजे बायआउट, द्यावा लागतो. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये कोच जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा बायआउट साडेसात कोटी डॉलरच्या वर गेला. म्हणून संचालक आधी देणगीदारांशी बोलतात. रेडिओवरचा आरडाओरडा त्यानंतर.

हरल्यावरच्या सोमवारी लॅबमध्ये किंवा ऑफिसात कोचचा विषय आपण काढू नये. समोरचा काढेल, तेव्हा मान डोलवावी. तो शिव्या घालेल. आपण त्यात भर घातली तर चिडेल. मिशिगनला कुणी मित्र शिकत असला तरी ते त्या आठवड्यात सांगू नका. डे स्वतः काय म्हणाले ते ऐकायचं असेल तर हंगामात मंगळवारी त्यांची पत्रकार परिषद असते. तिथे त्यांची उत्तरं बरीचशी ठरलेली असतात, पण कोण जखमी आहे आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) म्हणून कोण खेळणार याच्या प्रश्नांना ते कसं बगल देतात ते बघा. पुढच्या शनिवारबद्दल रेडिओपेक्षा जास्त त्यातून कळतं.