गणपतीच्या आधीच वही काढा: छोट्या वर्कशॉपमधल्या बक्षिसांची तयारी

दिवाळीला चार दिवस उरले की आपल्याला कामगार आठवतात, आणि मग हाताला लागेल ते वाटलं जातं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. वर्कशॉपचं नाव छापलेली भिंतीवरची घड्याळं दिली. महिन्याभरात त्यातलं एक गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर टांगलेलं दिसलं. तेव्हापासून मी श्रावणातच वही काढतो.

वहीच्या एका पानावर देणं लिहा, दुसऱ्यावर भेट. दोन्ही मिसळू देऊ नका. बोनस हे देणं आहे. कायदा लागू असेल तर किमान ८.३३ टक्के, म्हणजे ठरलेल्या मर्यादेतल्या वर्षभराच्या पगाराचा बारावा हिस्सा, द्यावाच लागतो. तो देताना उपकाराचं भाषण केलं की माणसं खाली बघून हसतात. ओव्हरटाइम थकला असेल तर मिठाईची ऑर्डर देण्याआधी तो चुकता करा.

मग रजा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं बक्षीस हेच, पण वेळेवर दिलं तरच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे बिहार-यूपीच्या पोरांना तिकिटासाठी साधारण गणपतीच्या सुमारासच सकाळी आठला मोबाइल घेऊन बसावं लागतं. दिवाळीलाच घरी पोचायचं असेल तर त्याच्याही आधी. तुम्ही रजा दसऱ्याला मंजूर केलीत तर हाती वेटिंगचं तिकीट येतं आणि माणूस जनरलच्या डब्यात उभा राहून जातो. म्हणून कोण कधी जाणार, कधी परतणार हे आधीच विचारा आणि तारखा कागदावर सही करून द्या. कोकणातल्यांना हेच गौरी-गणपतीसाठी लागतं, त्यांचं विचारणं उन्हाळ्यातच उरकावं. एकाच मशीनवरचे दोघं एकदम जात नाहीत ना, एवढं शिफ्टच्या तक्त्यावर ताडून बघा. मशीन बंद पडेल ही भीती मलाही होती. उलट, तारीख पक्की असलेला माणूस ठरल्या दिवशी परत येतो, असा माझा अनुभव.

‘महिन्याचा उत्तम कामगार’ हा फलक मी काढून टाकला. दर महिन्याला सीएनसीवरच्याच (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) कुणाचा तरी फोटो लागायचा. हेल्पर आणि मेंटेनन्सवाला कधी दिसलेच नाहीत. आता सुपरवायझरकडे एक छोटी डायरी आहे. कुणी काय केलं ते त्याच दिवशी, एका ओळीत. ‘चांगलं काम’ असं लिहिलेलं चालत नाही. ‘रात्रपाळीत कूलंटची गळती पकडली, जॉब वाचले’ असं हवं (कूलंट म्हणजे मशीनवरचा थंड करणारा द्रव, जॉब म्हणजे मशीनवर घडणारा भाग). ती ओळ शिफ्ट बदलताना वाचायची, म्हणजे रात्रपाळीच्याही कानावर पडते. चारचौघांत नाव घेतलेलं कुणाला आवडत नसेल तर बाजूला बोलावून सांगा. बक्षीस म्हणून शनिवारी दोन तास लवकर सुटी किंवा पुढच्या आठवड्याची शिफ्ट निवडायची मुभा. खर्च जवळपास शून्य.

खंडेनवमीला नारळ मालकानेच फोडायचा असं कुठे लिहिलंय? ज्याची मशीन त्याची पूजा. घरच्यांनाही बोलवा, पण त्याआधी मशीन बंद, फरशीवरचं तेल पुसलेलं आणि मुलांना शॉपफ्लोअरवर नेणारं एक जबाबदार माणूस ठरलेलं हवं. दहावी-बारावी पास झालेल्या मुलांची नावं निकालानंतर लगेच टिपून ठेवली असतील तर त्यांचं कौतुकही तेव्हाच उरकतं.

वस्तू द्यायच्याच असतील तर काय हवं ते आधी विचारा. आमच्याकडे बहुतेकांनी स्टीलचा डबा किंवा गोडं तेल सांगितलं. भेटवस्तूंच्या बिलावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही, तेव्हा बजेट बिलाच्या पूर्ण रकमेवर करा. एका कामगाराला वर्षभरात ५० हजारांपर्यंतच्या भेटीवर मात्र जीएसटी लागत नाही. आपल्यावर ती मर्यादा ओलांडायची वेळ यायची नाही. रोख देणार असाल तर ती पगारातच धरली जाते, अकाउंटंटच्या कानावर घाला.

फराळाच्या बॉक्सची ऑर्डर पंधरा दिवस आधी. हजेरीपटावरून मोजू नका. कंत्राटी पोरं, वॉचमन, झाडूवाल्या मावशी, टेम्पोवाला यांची नावं त्यात नसतात. मधुमेहवाल्यांसाठी नुसता चिवडा वेगळा बांधून घ्या. वर पाच बॉक्स जास्तीचे. आणि रात्रपाळीचे बॉक्स सुपरवायझरच्या कपाटात ठेवलेत तर किल्ली वॉचमनकडे द्या, कारण त्या रात्री सुपरवायझर हमखास लवकर घरी गेलेला असतो.