फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार घरीच उघडताय? या चुका टाळा

मे संपता संपता गोव्यात आमच्या डिचोलीच्या मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) मित्राच्या सॅन स्टॉर्मचा समोरचा बंपर काढायला घेतला. रविवारच्या दोन तासांचं काम, असा हिशेब होता. चवथीला गणपतीवरची माटोळी (फळं-पानांचं छत) बांधायला घरच्यांनी शिडी मागितली, तेव्हा ती अजून त्या बंपराखाली टेकू म्हणून आडवी पडली होती. मधल्या तीन महिन्यांत आम्ही जे जे चुकलो, ते खाली लिहितो.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनोचं 1149 सीसी इंजिन असलेली ही देशी स्पोर्ट्स कार. आपल्याकडे फायबरची गाडी म्हटलं की लोक हसतात, सिपानीची डॉल्फिन आठवते. अमेरिकेत कॉर्व्हेट 1953 पासून फायबरमध्ये येत होती, हे त्यांना सांगून बघा. अडचण मटेरियलची नाही. आपण त्याला पत्रा समजून हात घालतो, ही अडचण आहे.

बोल्ट फिरला म्हणजे सुटला असं नाही

फायबरमध्ये बरेचदा नट थरांच्या आत पुरून बसवलेले असतात. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाऊन बोल्ट आणि नट एकजीव होतात. पान्याला पाइप लावून जोर दिलात की गंज सुटत नाही, नटच फायबरमधून सुटतो. मग बोल्ट जागच्या जागी गरगर फिरत राहतो. आमचे पहिल्याच दिवशी दोन असे गेले.

गंज सोडवणारं तेल दोन-तीन संध्याकाळी मारत राहा. मधल्या वेळात बोल्टच्या डोक्यावर हलके टोले द्या. पत्र्याच्या गाडीला लोक गॅसची ज्योत दाखवतात, ती इथे अजिबात नको, काचेचे तंतू धरून ठेवणारं रेझिन जळतं. नट फिरायलाच लागला तर हट्ट सोडा, बोल्टचं डोकं कापा. बसवताना छोट्या पट्टीला नट वेल्ड करून ती पट्टी मागून मॅटच्या, म्हणजे रेझिनमध्ये भिजवायच्या काचतंतूंच्या कापडाच्या, थराखाली पुरा. बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि खाली रुंद वायसर टाका. लहान वायसरवर जोरात आवळलं की फायबर चिरडतं, आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते.

काढलेलं पॅनल भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका. महिनाभरात पीळ पडतो. शिडी आम्हाला त्यासाठीच लागली.

लाइटचं कोडं

बंपर परत बसवल्यावर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट मंद लागतो. लोक लगेच बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडीच अर्थिंग असते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक लाइटची वेगळी वायर चासीपर्यंत नेलेली असते. ती जोडायची राहिली, किंवा तिच्या टोकाखाली गंज आणि रंग राहिला, की करंट दुसऱ्याच बल्बमधून वाट शोधतो. तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक मोकळी वायर आणून त्या लाइटच्या अर्थला टेकवा. उजेड नीट पडला तर दोष सापडला.

चिरेवर लांबी भरणं

हीच चूक सगळ्यात जास्त होते, आणि गॅरेजवालेही करतात. वरून घासायचं, लांबी (पुट्टी) भरायची, रंग मारायचा. चार आठवड्यांत चीर त्याच जागी परत दिसते, कारण लांबीत ताकद नसते, ती फक्त खड्डा भरते.

आम्हाला शहाणं केलं ते मांडवीच्या काठावर होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. बंपर उलटा करून बघितला आणि म्हणाला, "आदीं भितरल्यान कर, मागीर भायल्यान." डेंटिंगवाल्यापेक्षा होडीवाल्याकडे जा, हा माझा सल्ला तेव्हापासूनचा.

आतून करायचं म्हणजे असं. चिरेभोवतीचा रंग आतल्या बाजूनेही काढा. थर सुटलेला भाग पांढुरका दिसतो. निरोगी भाग लागेपर्यंत तो घासून काढा. कडा उताराच्या करा, जाडीच्या साधारण 12 पट. म्हणजे 3 मिमीच्या पॅनलला प्रत्येक बाजूला साडेतीन सेंटीमीटर. एवढं घासायला जीव होत नाही, पण जोड धरतो तो या उतारामुळेच. बाहेरून टेप लावून आकार धरा आणि आतून चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, ब्रशने ठोकत बसवा. ब्रश ओढू नका, टोचा. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पुढे फोड येतो. काचेची धूळ आणि रेझिनची वाफ, दोन्ही वाईट. धूळरोधक मास्क आणि वाफेचा फिल्टर या वेगळ्या गोष्टी आहेत. ओढणी बांधून भागत नाही.

रेझिनचं मोजमाप अंदाजाने करू नका. पॉलिएस्टर रेझिन 100 ग्रॅम असेल तर हार्डनर 1 ते 2 ग्रॅम, आणि आपल्या उन्हाळ्यात कमीकडेच राहा. मी "लवकर सुकू दे" म्हणून एका प्लास्टिकच्या पेल्यात अर्धा किलो एकदम कालवलं. दहाव्या मिनिटाला पेला हातात गरम लागला, मग मऊ पडला, मग धूर. अंगणात फेकला तेव्हा आतला गोळा तडतड करत चिरत होता. थोडं थोडं आणि पसरट भांड्यात कालवा. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरायला लावणारं द्रव) वेगळं मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही एकमेकांत थेट ओतलीत तर स्फोट होऊ शकतो. बाटल्याही शेजारी ठेवू नका.

जूनमध्ये सुरू करणं

ही चूक आमचीच. ओली मॅट वरून कोरडी वाटते, पण तिच्यातला दमटपणा रेझिनला नीट धरू देत नाही. नाइलाज असेल तर मॅट पिशवीत बंद ठेवा, काम दुपारी पाऊस थांबलेला असताना करा, पॅनल आधी हेअर ड्रायरने कोमट करा. वरचा थर चिकट राहिला तर घाबरू नका. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पॉलिएस्टरचा पृष्ठभाग तसा राहतो. पुढच्या खेपेला शेवटच्या थरावर पातळ प्लास्टिक पसरून दाबा.

जुना रंग काढायला रिमूव्हर लावू नका, तो खालचं रेझिनही खातो. पॉलिश पेपर आणि चिकाटी. रंग भट्टीत भाजणाऱ्याला फायबर आहे हे आधी सांगा. रंग पूर्ण बदलणार असाल तर आरटीओत नोंद करून घ्या.

आणि रंगाआधी एकदा सगळं बसवून बघा. आमच्या बंपराचं उजवीकडचं भोक 4 मिमी सरकलं होतं. कानशीने अर्ध्या तासात काम झालं.