रब्बीचं क्षेत्र ठरवण्याआधी: ओल्या-कोरड्या वर्षांचा भूजल अंदाज कसा वापरावा

पावसाळा संपताना विहिरी भरलेल्या दिसतात आणि त्याच भरवशावर पेरा वाढतो. पण भरलेल्या विहिरीमागे जमिनीत पाणी किती साठलंय, हे खडकावर ठरतं. झिजलेल्या बेसाल्टमध्ये (काळ्या पाषाणात) विशिष्ट जलदेयता, म्हणजे पातळी उतरल्यावर खडकाच्या आकारमानातून निथळून हाती येणाऱ्या पाण्याचा वाटा, साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरली, तर हाती येतं 200 घनमीटर पाणी, त्याच हेक्टरवर जेमतेम 2 सेंटिमीटरचा थर. वाळूच्या गाळात हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं.

भूजल मॉडेल असाच हिशेब पूर्ण पाणलोटाचा मांडतं: पाऊस, पुनर्भरण, उपसा, ओढ्याला जाणारा पाझर. मात्र पाऊस निम्मा म्हणून पुनर्भरणही निम्मं, असं होत नाही. कोरड्या वर्षी पहिला पाऊस तहानलेली माती पिते, त्यामुळे खाली झिरपणारं पाणी निम्म्याहूनही बरंच कमी भरू शकतं. शिवाय पंप जास्त चालतात. ओल्या वर्षीही पावसाच्या प्रमाणात साठा वाढत जात नाही. खडक भरला की जास्तीचा पाऊस ओढ्यानं निघून जातो.

म्हणून अंदाज देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: मॉडेल जुळवताना दुष्काळी वर्षाच्या नोंदी वापरल्या का? आणि एखादं कोरडं वर्ष बाजूला ठेवून, त्यावर अंदाज ताडून पाहिला का? फक्त चांगल्या पावसाच्या वर्षांवर बसवलेलं मॉडेल टंचाईत हमखास फसवतं. उथळ खडकात पातळी खाली गेली की पाणी वाहून आणणारा थरच पातळ होतो, उपशानंतर विहीर भरायला जास्त वेळ घेते. मॉडेलमध्ये हे धरलेलं नसेल, तर उन्हाळ्याचं चित्र खोटं आशादायक निघतं.

या नोंदी तुमच्याकडूनच येणार आहेत. दर पंधरा दिवसांनी, सकाळी पंप सुरू करण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. शेजारचे पंपही रात्रभर बंद असतील तर उत्तम. पंप किती तास चालला तेही लिहा. 200 लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते पाहिलं की तासाचा उपसा कळतो. पावसाची नोंद गावातच व्हावी, कारण एका मिलिमीटर पावसात हेक्टरी 10 हजार लिटर पाणी पडतं आणि दूरच्या केंद्राचा आकडा आपल्या पाणलोटाला लागू पडेलच असं नाही.

अंदाज एका आकड्यात घेऊ नका. ओल्या, सरासरी आणि कोरड्या वर्षी पाण्याची पातळी कशी राहील, याच्या तीन रेषा मागा. बारमाही बागेचं पाणी कोरड्या रेषेवर बेता, कारण बाग मध्येच सोडता येत नाही. हंगामी पिकाचं क्षेत्र सरासरी रेषेवर धरायला हरकत नाही, पण पेरणीआधी मोजलेली पातळी त्या रेषेखाली असेल तर जास्त पाण्याचं पीक तिथेच कमी करा. उगवण झाल्यावर हा निर्णय फार महाग पडतो.